दोनशे एकोणपन्नासचा घाट

बर्फ आला तेव्हा
जिनेंद्रच्या कॅफेत आम्ही सहा जण होतो.
उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरचा माळा.
खाली शिफ्ट चालू असली की माउस आपोआप थरथरायचा.
एक्कावन्न जीबी.
तीन रात्री उतरत होता उत्तरेचा तो मुलूख,
टक्क्या-टक्क्यानं,
आणि तिसऱ्या रात्री ब्याण्णववर लाइट गेली
तेव्हा धैर्यशीलनं बोर्डाचा जो उद्धार केला
तो अजून त्या भिंतीत मुरलेला असणार.

मग दार उघडलं.
कुणालाच काही माहीत नव्हतं.
नकाशा कोरा, सगळ्यांचा सारखाच कोरा.
पद्मजा म्हणाली, डावीकडं कायतरी हाय,
आणि आम्ही डावीकडं गेलो, मेलो,
परत गेलो, परत मेलो,
पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध पिताना
ओठांवर फेस आणि तोंडी तोच राक्षस.
पुढं दोन वर्षं नवीन काहीच आलं नाही.
चालायचं.

आता दर दुसऱ्या गुरुवारी येतं.
एकोणऐंशीला घोड्याचं खोगीर.
एकशे एकोणपन्नासला काळी शाल, वाऱ्यावर हलणारी.
एक लहानसं बेट, त्यावर
एक विहीर, एक म्हातारा आणि त्याची तीन कामं.
चांगलं असतं, खोटं कशाला बोलू.
म्हाताऱ्याच्या तिसऱ्या कामात माझ्या डोळ्यांत पाणी आलं.
सांगायला तौफिकला फोन केला.
तो म्हणाला, भावा, विहीर नाही घेतली मी.
मी त्याच्या आधीचं घेतलंय.

मी शिरोलीला फाउंड्रीत आहे, साच्यावर.
तिथं पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवतात:
दोन वाटांनी आत शिरलेलं लोखंड
गार होऊन भेटलं
तर भेटतं, पण एक होत नाही.
वरून नख फिरवलं तरी कळतं. रेघ राहते.
असा माल गिऱ्हाईक परत पाठवतं.

तौफिकला हे सांगितलं तर हसला.
"तुझी भट्टी रोज किती वीज खाती?
सर्व्हर बी खातोय की.
आणि दोन वर्षं वाट बघायला मी मोकळा हाय व्हय आता?
जुळी झाल्यात. वीस मिनिटं गावत्यात मला.
वीस मिनिटांत बसंल एवढंच बेट दे."
यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
अजून नाही.

बोनस झाला त्या रात्री मी घाट घेतला.
दोनशे एकोणपन्नास.
दगडी पायऱ्या, खाली हिरवं पाणी, लांबवर घंटा,
आपल्या पंचगंगेचाच काढलाय की काय असा.
सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर ओळ आली:
तुमच्या गटातील चार सदस्यांकडे हा प्रदेश नाही.
नकाशात दिसत होते ते,
चार राखाडी ठिपके, भर समुद्रात,
माझ्या पायऱ्यांच्या जागी
त्यांच्याकडं अजून पाणीच होतं.

सहावा होता उत्कर्ष.
तो कुठल्या गुरुवारी गळाला
कुणाच्याच ध्यानात नाही.

परवा म्हटलं, जुन्या पुलावर या.
पहिल्या गावातला पूल, सुरुवातीपासूनचा, फुकटचा.
मारायला तिथं बेडकांशिवाय काही नाही.
एकटा तौफिक आला. काळी शाल पांघरून.
हत्यार खाली ठेवून कठड्यावर बसला.
माइकमधून पाळण्याची करकर येत होती,
एक रडायचं थांबलं की दुसरं.
"थांब हं," म्हणाला, आणि उठून गेला.
त्याचा योद्धा तिथंच बसून राहिला.
शाल हलत होती.

मी बेडूक मारत बसलो.
अठरा मिनिटं झाली.
एकोणीस.